मुलांनी चालवायची धान्याची कोठी: उन्हाळ्यासाठी आणि झडीसाठी

शाळेत दुपारी खिचडी शिजते तोवर गावातली बरीच भूक झाकलेली राहते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. मे लागला की ते थांबतं, आणि विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्याशिवाय उघडत नाहीत. वावरातलं कामही याच दिवसांत नसतं. कापसाची वेचणी संपलेली, तूर-चना घरी आलेला, पेरणीला पाऊस नाही. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की पाच-सात दिवस निंदणाची मजुरी बुडते. ज्याच्या घरी स्वतःचा पेरा नाही, त्याच्या घरचा डबा तळाला जातो तो या दोन वेळी.

मुलांची कोठी, म्हणजे मुलांनी गोळा करून सांभाळलेला धान्याचा साठा, या दोन वेळांसाठी आहे. ती बाराही महिने गाव पोसू शकत नाही, तशी अपेक्षा ठेवूही नये. पण नेमक्या दिवसांत दहा घरांची चूल पेटती ठेवणं चाळीस मुलांना नक्की जमतं. फक्त सुरुवात नोव्हेंबरात करावी लागते. मे महिन्यात भूक दिसल्यावर धावाधाव केली तर देणाऱ्यांच्या घरीही निवडलेलं धान्य संपत आलेलं असतं.

किती धान्य लागेल

दहा घरं धरा. प्रत्येक घराला उन्हाळ्यात एकदा आणि झडीत एकदा १० किलो धान्य आणि १ किलो तुरीची डाळ. म्हणजे दोन क्विंटल धान्य आणि २० किलो डाळ. एवढं हातात असलं की नवीन गावाने सुरुवात करायला हरकत नाही.

हे जमतं दोन वाटांनी. पहिली वाट आठवड्याची: ज्याला जमेल त्या मुलाने शनिवारी घरून एक वाटी धान्य आणायचं. आमटीची मध्यम वाटी भरून गहू साधारण दीडशे ग्रॅम भरतो. चाळीस मुलांचे आठवड्याला सहा किलो, नोव्हेंबर ते मार्च वीस आठवड्यांत १२० किलो. दुसरी वाट खळ्यावरची: पीक घरी येतं त्या आठवड्यात मुलांनी घरोघर जायचं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात हे डिसेंबरात करा. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, बुलडाणा, वर्धा या भागात तूर फेब्रुवारीत आणि गहू-चना मार्चमध्ये मागा. तीस घरांनी तीन-तीन किलो दिले तरी ९० किलो होतात. कुणी पायलीने देईल, कुणी कुडवाने. ही मापं गावागणिक बदलतात, म्हणून घ्या कशानेही, पण वहीत लिहिताना काट्यावर तोलून किलोच लिहा.

तेल, मीठ, हळद, तिखट याला रोख पैसे लागतात. तान्ह्या पोळ्याचा दिवस त्यासाठी चांगला. लाकडी बैल घेऊन मुलं घरोघर जातातच, त्या दिवशी एक डबा वेगळा फिरवा आणि ज्याला द्यायचं तो त्यात टाकेल असं ठेवा. मुलाला मिळालेला बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, मात्र त्याच्याकडून काढून घेऊ नका. तो त्याचा सण आहे.

काय घ्यायचं नाही

हा भाग मुलांना तोंडपाठ असला पाहिजे, कारण इथली चूक जिवावर बेतते.

पेरून उरलेलं बियाणं घ्यायचं नाही. बीजप्रक्रिया केलेला गहू, चना, जवारी, मका गुलाबी, लाल, हिरवा किंवा निळसर दिसतो, त्याला औषधाचा थर असतो. धुतल्याने तो पूर्ण जात नाही. रंग उडालेला असेल तरी हातावर चोळून पाहा. बोटाला रंग किंवा भुकटी लागली तर ते धान्य परत. कोण देतं हे पाहू नका, सरपंचाच्या घरचं असलं तरी परत.

खताच्या किंवा औषधाच्या चुंगडीतलं धान्य घ्यायचं नाही, आणि अशी चुंगडी धुऊन कोठीसाठी वापरायचीही नाही. विदर्भात युरियाच्या रिकाम्या चुंगड्या घरोघर असतात, त्यामुळे ही चूक फार सहज होते.

धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या ज्या घरात वापरतात, तिथलं धान्य सध्या नको म्हणा. या गोळ्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणूस मारतो. मुलांच्या कोठीत त्या कधीच येता कामा नयेत, मोठ्यांनी टाकून दिल्या तरी नाही.

राशनचं धान्य स्वस्तात विकत घेऊन कोठी भरू नका. ते बेकायदा आहे. शिवाय ज्याने विकलं, त्याच्याच घरी पुढच्या आठवड्यात टंचाई असते.

शिजवलेलं अन्न आणि दळलेलं पीठ टाळा. पीठ पावसाळ्यात पंधरा दिवसांत जाळं धरतं. लग्नातलं उरलेलं अन्न वाटायचा मोह होतो, पण उन्हाळ्यात ते दोन तासांत बिघडायला लागतं. ते काम मोठ्यांवर सोडा.

निवडणं, वाळवणं, भरणं

पहिलं साल बहुतेक वेळा इथेच फसतं. मुलं उत्साहाने गोळा करतात, सगळं एका पिंपात ओततात, आणि जूनमध्ये झाकण काढलं की वरच सोंडे फिरताना दिसतात.

प्रत्येक धान्याचं भांडं वेगळं. गहू, जवारी, तांदूळ एकदा मिसळले की दळण्याशिवाय इलाज नसतो, आणि मिसळलेल्या पिठाची भाकरही नीट थापली जात नाही. धान्यासाठी पत्र्याच्या एक क्विंटलच्या दोन कोठ्या पुरतात. डाळीसाठी तेलाचे १५ किलोचे रिकामे पिपे घ्या. एका पिप्यात साधारण १२-१३ किलो डाळ मावते. पिपा गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने धुऊन दोन दिवस उन्हात पालथा ठेवा. तेलाचा खवट वास राहिला तर डाळ तो धरते आणि मग ती कुणी शिजवत नाही.

सूप घेऊन निवडायचं काम तिसरी-चौथीची मुलं उत्तम करतात. पाखडताना त्यांना तीन गोष्टी शोधायला सांगा: भोक पडलेला दाणा, काळा पडलेला दाणा आणि पांढरी भुकटी. मूठभर गव्हात चार-पाच भोकं दिसली तर ते धान्य कोठीत घालू नका. घरी परत करा किंवा वाळवून, चाळून त्याच आठवड्यात दळून वापरा. एक किडका डबा बाकीच्या ९० किलोला कीड लावतो.

ओल ओळखायला यंत्र नको. दाणा दाढेखाली धरून चावा. कट्‌ आवाज करून दोन तुकडे झाले तर वाळला आहे. दाताखाली दबला, चपटा झाला, तर अजून ऊन पाहिजे. गहू-जवारीत ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आणि डाळीत १० च्या खाली असला की कीड कमी वाढते.

गहू, जवारी आणि अख्खा चना एप्रिलच्या उन्हात दोन दिवस वाळवा. सुती चादरीवर बोटाच्या एका पेराएवढा जाड थर पसरा, त्याहून जाड नको. सकाळी आठच्या आत पसरून मुलं घरी जाऊ द्या, आणि संध्याकाळी सहानंतर गोळा करा. दुपारी धान्य हलवायला मुलांना पाठवू नका. आपल्याकडचं ४४-४५ अंशांचं ऊन मोठ्यांनाही लागतं. संध्याकाळी गोळा केलेलं धान्य रात्रभर पसरट घमेल्यांत थंड होऊ द्या आणि सकाळी भरा. गरम धान्य बंद केलं की झाकणाच्या आतून पाणी सुटतं आणि वरच्या थराला बुरशी येते. वाळवलेलं धान्य खराब झाल्याची तक्रार येते तेव्हा कारण बहुधा हेच निघतं.

तांदळाचं वेगळं. तो कडक उन्हात तडकतो आणि कणी होते. तो सावलीत, वाऱ्यावर वाळवा. तुरीच्या डाळीला किलोमागे एक चहाचा चमचा एरंडेल चोळून मग भरा, भुंगेरे दूर राहतात. शिजवण्याआधी डाळ कोमट पाण्याने दोनदा धुवायची हे घेणाऱ्या घराला आठवणीने सांगा.

कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत पूर्ण वाळलेलाच. ओला पाला घातला तर त्याचाच ओलावा धान्याला लागतो. तळाला एक थर, मध्ये एक, वर एक.

कोठी जमिनीपासून अर्धा फूट उंच, विटांवर फळी टाकून ठेवा, आणि भिंतीपासून हातभर लांब. काळ्या मातीच्या गावांत झडीच्या दिवसांत भिंती खालून ओल धरतात, त्याला टेकलेला पत्रा आतून घामेजतो. झडीत झाकण उघडू नका. वाटप येणार हे दिसत असतं, म्हणून उघडीप असतानाच दहा पिशव्या भरून बाजूला ठेवा.

जागा निवडताना एक गोष्ट विसरली जाते: मे महिन्यात शाळेला कुलूप असतं आणि गुरुजी गावी जातात. कोठी शाळेत ठेवली तर जिच्यासाठी मांडली त्या महिन्यातच ती बंद. ग्रामपंचायतीची खोली, समाजमंदिर किंवा बचतगटाची जागा पाहा. जिथे सगळ्या समाजाचे लोक निःसंकोच पाय ठेवतात अशीच जागा पाहिजे. देवळाच्या किंवा एखाद्याच्या वाड्याच्या ओसरीवर ठेवली, तर गावातली काही घरं तिकडे फिरकणारच नाहीत.

आणणारा कोण, नेणारा कोण, हे ओळखू येऊ नये

भुकेइतकीच माणसाला लाज छळते. ज्या घरी दोन दिवस नुसता भात-मीठ आहे, ते घर पंगतीत हात पसरण्यापेक्षा उपाशी झोपणं पत्करतं. म्हणून कोठीचे नियम लाज डोळ्यासमोर ठेवून बांधा.

शनिवारी सकाळी सात ते आठ कोठी उघडी. त्याच तासात धान्य आणायचं आणि त्याच तासात न्यायचं. सगळ्यांना एकाच कापडाच्या, एकाच मापाच्या पिशव्या, जुन्या धोतराच्या किंवा चादरीच्या शिवून घेतलेल्या. भरलेली पिशवी हातात घेऊन जाणारी बाई द्यायला चालली की घेऊन परतते आहे, हे रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही. एवढ्या साध्या गोष्टीने घेणाऱ्यांची वाट मोकळी होते.

कोठीतून नेलेलं धान्य हे उसनं. सुगी आली की जमेल तेवढं परत, व्याज नाही, तगादा नाही. म्हातारी एकटी माणसं, विधवा, अपंग यांच्याकडून परतफेड धरायची नाही, पण त्यांनी आणून दिलं तर नाही म्हणू नका. मूठभर का असेना, देण्याचा मान त्यांचाही आहे.

वर्गात कुणी किती आणलं याची यादी लावू नका. "आज कुणी आणलं नाही?" असं विचारूच नका. तोंड लहान असलेल्या मडक्यात वाटी रिकामी करायची, कुणी पाहत नाही. आणू न शकणाऱ्या मुलाला निवडायचं, तोलायचं काम द्या. कोठी त्याचीही तितकीच.

देताना फोटो काढायचा नाही. पाहुणा, पुढारी, संस्था कुणीही आली तरी नाही. कोठीचा, धान्याचा, तोलणाऱ्या मुलांचा काढा, घेणाऱ्याचा कधीच नको.

स्वतःहून न येणाऱ्या घरांपर्यंत मुलंच पोचतात, कारण गल्लीत काय चाललंय ते त्यांना ठाऊक असतं. खेळगडी दुपारपर्यंत बिनखाता आहे, शेजारच्या आजीची चूल सकाळी पेटलीच नाही, आई-बाप तेलंगणात मिरची तोडायला गेले आणि घरी आबाजी आणि दोन लहानगी उरली. हे मुलाने वर्गात सगळ्यांसमोर सांगायचं नाही, ठरवलेल्या एका मोठ्या माणसाच्या कानात सांगायचं: मॅडम, अंगणवाडीताई किंवा आशाताई. मग त्या जातील. "आजी, शनिवारी कोठीवर याल काय? निवडायला हात कमी पडतात," एवढं निमंत्रण पुरे. येताना पिशवी भरून देता येते.

पोडावरची, बेड्यावरची आणि टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्त्यांवरची मुलं कोठी चालवणाऱ्या मुलांच्या समितीत असलीच पाहिजेत. कोठी गावठाणातल्या मुलांनी चालवायची आणि पोडावर नेऊन वाटायची, असं झालं की पोडावरची मुलं कायमची घेणारी ठरतात. किल्ली दोन मुलांकडे द्या, त्यातलं एक तिथलं असू द्या.

सोमवारचे फुटाणे

शनिवारी सकाळच्या शाळेनंतर थेट सोमवारी दुपारी खिचडी. मधला रविवार काही मुलांना फार लांब जातो. सोमवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांना मूठभर फुटाणे आणि सुपारीएवढा गुळाचा खडा द्या. चाळीस मुलांना एक किलो फुटाणे आणि पाव ते अर्धा किलो गूळ लागतो. सगळ्यांना द्या म्हणजे भुकेलं मूल वेगळं दिसत नाही. अंगणवाडीच्या लहानग्यांना अख्खे फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना कुटून गुळात मिसळून द्या.

राशनची विचारपूस

कोठीतले दहा किलो एकदाच मिळतात, राशन दर महिन्याला. एखाद्या घराचं बंद पडलेलं राशन सुरू झालं तर वर्षभराचं काम झालं. म्हणून सातवी-आठवीच्या मुलांनी महिन्यातून एकदा, जोडीजोडीने, आपापल्या गल्लीतल्या दहा घरी जायचं.

मुलांना हे आकडे पाठ हवेत. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, म्हणजे दुकानात त्यासाठी पैसे मागितले तर ते चूक. अमरावती विभागातल्या जिल्ह्यांत आणि वर्ध्यात केशरी कार्डाच्या, अन्न सुरक्षा यादीत नसलेल्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी खात्यात पैसे येतात, ती घरं वहीत वेगळी लिहा, नाहीतर विनाकारण दुकानदाराशी वाद होतो.

विचारायचे प्रश्न चारच. "काकू, या महिन्याचं राशन भेटलं काय? किती किलो? पावती दिली काय? घरातल्या सगळ्यांची नावं कार्डावर आहेत काय?" पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो यांत फरक निघाला तर मुलांनी दुकानात जाऊन भांडायचं नाही. वहीत लिहायचं आणि मोठ्यांकडे द्यायचं. मुलं आणि दुकानदार समोरासमोर आणले की त्रास मुलांच्या आईबापाला होतो.

राशन अडतं ते बहुधा ठरलेल्या ठिकाणी. वर्षानुवर्षं वेचणी-निंदण केलेल्या हातांचे, म्हाताऱ्या माणसांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. अंगठा उमटला नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारता येत नाही, तशा केंद्राच्या सूचना आहेत. हात साबणाने धुऊन, पुसून दुसरं बोट लावून पाहा. तरी नाही झालं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नव्या सुनेचं, बाळाचं नाव चढलेलं नसेल, तर तेही तिथेच. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) राहिलेली असेल तर ती राशन दुकानातल्या यंत्रावर होते. कामाला बाहेरगावी गेलेल्या कुटुंबाला तिथल्या दुकानातून त्याच कार्डावर धान्य घेता येतं, हे अनेकांना माहीत नसतं, फोन करून सांगा. तक्रारीसाठी १९६७ हा नंबर आहे. फोन मोठ्यांनी करावा, कार्डाचा नंबर हातात ठेवून.

पाच वर्षांच्या आतलं भावंड खूपच रोडावलं असेल तर धान्य देऊन थांबू नका. सहा महिन्यांपुढच्या बाळाचा दंडघेर अंगणवाडीत पट्टीने मोजतात. तो ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर त्याला औषधोपचार आणि वेगळा आहार लागतो. मुलांनी फक्त ताईला सांगायचं, त्याच दिवशी.

हिरवं काही

धान्य-डाळीवर पोट भरतं, पण रक्त वाढत नाही. शाळेच्या हातपंपाचं सांडपाणी जिथे जातं तिथे मुनगा (शेवगा) लावा. मनगटाएवढी जाड, हात-दीड हात लांब फांदी जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाल्यावर खोचली की फुटते. पाणी साचत असेल तिथे कुजते, म्हणून काळ्या मातीत वरंब्यावर लावा. कोवळा पाला भाजीला, उरलेला सावलीत वाळवून, चुरून डाळीत. चवळाई, पालक, सांबार (कोथिंबीर) गादीवाफ्यावर करा, पण जुलैच्या झडीत वाफा सपाट असेल तर तीन दिवसांत रोपं पिवळी पडतात. थंडीत चन्याची कोवळी भाजी मुबलक असते. ती खुडून, वाळवून डब्यात ठेवली की उन्हाळ्याच्या पिशवीत मूठभर घालता येते. तरोटा, घोळ, केना या पावसाळी रानभाज्या ओळखणारी म्हातारी सोबत असेल तेव्हाच तोडा.

वही

एका पानावर पाच रकाने: तारीख, धान्य, आलं, गेलं, शिल्लक. घेणाऱ्याचं नाव या वहीत नाही. ते वेगळ्या छोट्या वहीत, आणि ती वही एका मोठ्या माणसाकडे.

महिन्यातून एकदा सगळं तोला. निवडण्यात आणि वाळण्यात दर दहा किलोमागे दोन-तीनशे ग्रॅम जातात. ते "घट" म्हणून त्याच दिवशी लिहा. लिहिलं नाही तर एप्रिलमध्ये पाच किलो कुठे गेले असा प्रश्न येतो, संशय किल्ली असलेल्या मुलावर जातो, आणि ते मूल पुन्हा कोठीकडे येत नाही.

सुरुवातीलाच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन ओळींचा ठराव करून घ्या: धान्य आणणं ऐच्छिक आहे, आणि कोठीचा हिशेब मुलांचा आहे. दुसरी ओळ महत्त्वाची. ती नसली तर निवडणुकीच्या वर्षी कोठीवर कुणाचातरी फलक लागतो.

लहान मुलांनी एकावेळी तीन किलोहून जास्त उचलू नये. जड पिशवी सायकलवर ठेवून दोघांनी न्या.

एप्रिलच्या शेवटी आठवीची मुलं शाळा सोडतात. निकालाआधी जुन्या आणि नव्या समितीने मिळून दोन्ही कोठ्या रिकाम्या करून तोलाव्यात, जुना गहू वर आणि नवा खाली भरावा म्हणजे जुना आधी जाईल, शिल्लक वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. काटा त्याच वेळी किराणा दुकानातल्या छाप असलेल्या एक किलोच्या वजनाने तपासून घ्या. मग किल्ल्या द्या, आणि मे महिन्यातल्या चार शनिवारी कोठी कोण उघडणार त्यांची नावं समाजमंदिराच्या दारावर लावा.